पिसाचं गाव

पहिला दिवस : परतवाडा ते चिखलदरा

भाचीनं फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. बरे आहेत म्हटल्यावर म्हणाली, "मग मामा, सहा दिवस मेळघाटात पिसं वेचायला येता का? माणूस कमी पडतंय." ज्युनिअर कॉलेजात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून मी आता घरी आहे. वेचण्या-निवडण्याचं काम म्हणून माझ्या वाट्याला येते ती मेथीची जुडी. मी लगेच हो म्हटलं.

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. सकाळी सातला परतवाड्यातून जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवर माझ्या शेजारी एक पत्र्याची पेटी होती. पेटीत खाकी कागदाची पाकिटं, चिमटे, कात्र्या, हातमोजे आणि वन विभागाच्या परवानगीपत्राच्या चार प्रती. व्याघ्र प्रकल्पातून पडलेलं पीससुद्धा असंच खिशात घालून आणता येत नाही, मग ते सातभाईसारख्या नेहमीच्या पाखराचं का असेना. प्लास्टिकची पिशवी मात्र पेटीत एकही नव्हती. पिसात जरा ओल राहिली की प्लास्टिकमध्ये त्याला बुरशी धरते.

मला वाटलं होतं, घाट चढून जंगल लागलं की काम सुरू होईल. पण धामणगाव गढीच्या अलीकडंच भाचीनं जीप थांबवायला लावली. एका अंगाला कपाशी फुटलेली, तुरीला फूल धरलेलं आणि पलीकडं एका पट्ट्यात ज्वारी उभी. आमच्या लहानपणी या रस्त्याला दोन्ही हातांना ज्वारीच असायची. आता सोयाबीन निघून गेलेली मोकळी वावरंच जास्त दिसतात. भाची सरळ ज्वारीत शिरली आणि कात्रीनं पानं कापायला लागली. बांधावरून शेतकरी आला.

"काय बिमारी आली काय जवारीले?"

"नाही काका. तपासायला नेतोय. पाखरं खातात ना ज्वारी, त्याच्यासाठी."

"पाखरं खातेत थे मले तपासल्याबिगर मालूम हाय," तो म्हणाला. "किती खाल्ली थे सांगान काय तुमची मशीन?"

भाची म्हणाली, तेच तर शोधतोय. त्यानं मान हलवली, पण परवानगी दिली.

घाट चढताना तिनं जे सांगितलं ते माझ्या मास्तरी भाषेत असं. कार्बन दोन वजनांचा असतो, १२ चा आणि १३ चा. जड कार्बन शंभरात जेमतेम एक. (किरणोत्सारी १४ चा इथं काही संबंध नाही.) झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या कार्बनला झुकतं माप देतात. साग, बांबू, मोह, तूर, कापूस, गहू, धान हे यात फार पक्षपाती. ज्वारी, मका, ऊस, कुटकी आणि पावसाळ्यात उघड्या माळावर माजणारं बहुतेक गवत यांची रीत निराळी. ती कार्बन आधी दुसऱ्याच एन्झाइमनं पकडतात, पानाच्या आतल्या कोठडीत कोंडतात आणि मग वापरतात. कोंडून ठेवलेल्यातून निवडानिवड काय करणार? त्यामुळे त्यांच्यात जड कार्बन जास्त राहतो. मोजायच्या पट्टीवर (आकडा जितका उणे, तितका जड कार्बन कमी) पहिल्या गटाचा आकडा दर हजारी उणे २७ च्या आसपास येतो, दुसऱ्याचा उणे १३ च्या आसपास. या पट्टीचा शून्य अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या खडकात सापडलेल्या बेलेम्नाइट नावाच्या जीवाश्मावरून ठरवला. माकुळाच्या जातकुळीतला प्राणी. तो मूळ नमुना मोजमापात वापरून केव्हाच संपला, शून्य मात्र अजून त्याच्याच नावानं चालतो.

पाखरू जे खातं त्याचा कार्बन पिसात येतो. पीस केराटिनचं, आपल्या केसा-नखांसारखं. वाढ पूर्ण झाली की रक्ताशी संबंध तुटतो, आणि तोवरचा हिशेब त्यात जसाच्या तसा राहतो.

"म्हणजे पठारावरची पाखरं रानावर किती जगतात आणि वावरावर किती, एवढंच शोधायचंय," भाची म्हणाली. ते "एवढंच" म्हणताना ती का हसली, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मी मनात आमच्याच घराचा हिशेब मांडला. आजोबा पूर्ण ज्वारीचे. मी अर्धा ज्वारीचा, अर्धा गव्हाचा. पुण्यातला नातू निव्वळ गव्हाचा. हे आमच्या केसांतही निघेल, असं भाचीला म्हटलं, तर तिनं मागं वळून माझ्या डोक्याकडं पाहिलं आणि विषय सोडून दिला. तिथं नमुना घेण्याजोगं काही उरलेलं नाही.

चिखलदऱ्याला पोचेपर्यंत चांगलीच थंडी पडली होती. रात्री खोलीत तिनं मला पाकीट कसं भरायचं ते शिकवलं: पक्ष्याचं नाव, ठिकाण, उपग्रहावरून घेतलेले अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. मी जरा दुखावलो. चिठ्ठी न लावलेली बाटली टेबलावर दिसली की प्रॅक्टिकलच्या वहीत अर्धा मार्क कापणारा माणूस मी. हे मला शिकवायचं?

दुसरा दिवस : वैराट

वैराट हे मेळघाटातलं सगळ्यात उंच ठिकाण, ११७८ मीटर. परतवाड्याहून सात-आठशे मीटर वर. इथं गाव होतं. पुनर्वसनात ते खाली गेलं. जिथं वावरं होती तिथं आता गवत माजलंय, कमरेच्या वर. सकाळी दवानं पँट मांडीपर्यंत भिजली.

सोबत एक वनमजूर होते. कोरकू, पन्नाशीच्या पुढचे. आम्ही त्यांना दादा म्हणत होतो, ते मला साहेब म्हणत होते, आणि मी साहेब नाही हे सांगायचं मी दुपारी सोडून दिलं. पहिला तासभर मी मान खाली घालून चाललो आणि मला एक पीस सापडलं नाही. दादांना तेवढ्यात सात.

"साहेब, पीस नाई पाह्यचं," ते म्हणाले. "जागा पाह्यची."

मग जागा दाखवल्या. सातभाई धुळीत आंघोळ करतात ती झुडपाखालची बशीसारखी खळगी. होले रात्री बसतात त्या झाडाखालचा विष्ठेनं पांढरा झालेला पाला. एका वाळक्या खोडावर शिकऱ्यानं कोणाला तरी सोललं होतं. तिथं तर पिसांचा सडाच होता. दादा म्हणाले, याची बसायची जागा ठरलेली, रोज येऊन पाहा, रोज नवीन भेटेल. पाण्याच्या कडेला राखी रानकोंबड्याच्या मानेचं एक पीस मिळालं. त्याच्या टोकाशी मेणाचा थेंब गोठवल्यासारखा पिवळा ठिपका असतो. या ठिपक्यांपायी इंग्रज लोकांत मासे पकडायच्या गळाला ही पिसं बांधायची टूम निघाली आणि पुष्कळ कोंबडे मारले गेले. मी ते पीस चिमट्यात धरून बराच वेळ पाहत बसलो. भाचीनं दोनदा हाक मारली.

सातभाईच्या शेपटीचं एक लांब पीस तिनं उन्हात तिरकं धरून दाखवलं. त्यावर आडव्या, फिक्या-गडद, अगदी पुसट पट्ट्या दिसल्या. एक फिकी आणि एक गडद मिळून साधारण एक दिवस-रात्र. खाणं चांगलं मिळालं की पट्टी रुंद, उपासमार झाली की अरुंद. मी मोजायला लागलो आणि तेविसाव्या पट्टीला चुकलो.

"हे पीस याच पावसाळ्यातलं का?" मी विचारलं.

"नाही ना! गळलं यंदा. वाढलं मागच्या वर्षी."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बहुतेक पाखरं वर्षातून एकदा, पिल्लं मोठी झाल्यावर, जुनी पिसं टाकून नवी घेतात. जमिनीवर सापडलेलं पीस टाकलेलं, म्हणजे गेल्या वर्षी त्याच हंगामात वाढलेलं. त्यात जो आहार उतरला तो गेल्या पावसाळ्याच्या शेवटाचा. उन्हाळ्यात, मोह गळून गेल्यावर, पाणवठे आटल्यावर ते पाखरू काय खात होतं, ते या पिसाला माहीतच नाही. त्यासाठी रक्त किंवा नखं लागतात. रक्तात काही आठवड्यांचं कळतं, नखात काही महिन्यांचं. पण त्यासाठी पाखरू धरावं लागतं, आणि तिची परवानगी पडलेल्या पिसांपुरतीच. दर पावसाळ्याचं एक पान फाडून ठेवलेलं आणि बाकीची वही कोरी, अशी ही डायरी.

संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस पाकिटं झाली. सकाळी वेळ वाचावा म्हणून भाचीनं "वैराट" आणि तारीख आधीच लिहून गठ्ठे वाटले होते. माझ्या जॅकेटच्या खिशात काही उरली. ती परत द्यायला हवी होती.

रात्री तिनं पुढची प्रक्रिया सांगितली. पीस क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉलच्या मिश्रणात धुवायचं, कारण पाखरू चोचीनं पिसाला तेल लावतं आणि त्या तेलाचा कार्बन हिशेब बिघडवतो. वाळवायचं. मग एक मिलिग्रॅमच्या आतबाहेरचा तुकडा कथिलाच्या इवल्याशा डबीत दाबून हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत टाकायचा. तुकडा जळून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन होतो, आणि वस्तुमान वर्णपटमापक ४४ वजनाचे रेणू किती, ४५ चे किती ते मोजून देतो. बत्तीस वर्षं मी हे यंत्र फळ्यावर खडूनं काढलं. प्रत्यक्ष एकदाही पाहिलं नाही.

तिसरा दिवस : नाकतोडे

दिवसभर नाकतोडे पकडले. या वयात माळावर जाळं घेऊन धावणारा माणूस पाहून सहलीला आलेल्या दोन कुटुंबांनी माझे फोटो काढले.

नाकतोडे कशाला, तर "एवढंच"चा उलगडा इथं होतो. समजा, सातभाईच्या पिसात ज्वारीकडचा आकडा निघाला. त्यानं ज्वारी खाल्ली असेल. किंवा गवतावरचा नाकतोडा खाल्ला असेल! गवत आणि ज्वारी एकाच रीतीचे, कार्बनला दोघांतला फरक कळत नाही. मग नायट्रोजनकडं जायचं. त्याचेही दोन प्रकार, १४ चा आणि १५ चा, आणि खाणाऱ्याच्या अंगात जड नायट्रोजन साठत जातो. गवताहून नाकतोड्यात, नाकतोड्याहून सातभाईत, दर पायरीला हजारी तीन-चारनं आकडा चढतो. दाणे खाणारा एक पायरी खाली, किडे खाणारा एक पायरी वर. झालं, सुटलं, असं मला वाटलं.

"आणि वावरात शेणखत टाकलं असेल तर?" भाची म्हणाली.

शेणखतातून अमोनिया उडून जातो तेव्हा हलका नायट्रोजन आधी उडतो, जड मागं राहतो. म्हणजे खताच्या वावरातली ज्वारी मुळातच वरच्या पायरीवर उभी. युरिया टाकला तर उलट, कारण त्यातला नायट्रोजन हवेतून घेतलेला आणि या पट्टीचा शून्यच मुळी हवा. तुरीच्या गाठी हवेतूनच घेतात, तीही शून्याजवळ. तेव्हा त्या डोंगरातलं गवत, त्या वावरातलं कणीस, तिथला किडा, तिथली माती हे सगळं आधी मोजल्याशिवाय पिसाचा आकडा नुसता आकडा राहतो. पेटीत पिसांपेक्षा पालापाचोळा जास्त का होता, ते आता समजलं.

हायड्रोजनचाही एक उपयोग आहे. ढग डोंगर चढतो तसं जड पाणी आधी गळून जातं, त्यामुळे जितकं उंच तितका पाऊस हलका, आणि तो पाण्यातून, झाडातून पिसात उतरतो. हिमालयात उन्हाळ्याला वर आणि हिवाळ्याला खाली येणाऱ्या पाखरांचं पीस कोणत्या उंचीवर वाढलं ते यावरून ताडता येतं. आमचा सातपुडा त्या मानानं ठेंगणा.

चारच्या सुमाराला माझा दम संपला. भाची बाटल्यांमध्ये नाकतोडे भरत होती. मी एकटाच काळापाणी तलावाच्या बाजूला चक्कर मारून आलो. तिथं सातभाईंचा थवा कालवा करत होता, आणि दादांनी शिकवलेली खळगीही सापडली. खिशात पाकिटं होतीच. नऊ पिसं मिळाली. मी खूश.

चौथा दिवस : सेमाडोह

चिखलदऱ्याहून सेमाडोहला उतरताना साग सुरू होतो आणि थंडी थोडी कमी होते. सिपना नदी खडकांतून वाहत होती. दहाच्या सुमाराला दादांनी जीपच्या टपावर थाप मारली. रस्त्यापासून थोड्या अंतरावर सागाच्या उघड्या शेंड्यावर, भर उन्हात, एक पिंगळा बसलेला. आपला गावातला पिंगळा पाठीवर आणि डोक्यावर ठिपक्याठिपक्यांचा असतो. याचं डोकं जवळजवळ कोरं, छाती गडद, पाय पिसांनी भरलेले. रानपिंगळा.

आम्ही जीपमधून उतरलो नाही. त्यानं शेपटी झटके देऊन इकडून तिकडं हलवली, खाली झेपावला आणि पालीसारखं काहीतरी घेऊन पलीकडच्या झाडावर गेला. त्याचं पीस वेचायचं भाचीच्या यादीतच नव्हतं. घरट्याच्या आसपास माणसानं घुटमळू नये म्हणून तिनं तो स्वतःच वगळला होता.

याची गोष्ट तिनं जीपमध्ये सांगितली, आणि ती मी सविस्तर लिहिणार, कारण त्या रात्री ती मला झोप लागू देणार नव्हती. १८७२ च्या डिसेंबरात ब्लूइट नावाच्या इंग्रजानं आजच्या छत्तीसगडात हा पक्षी मारला आणि पुढच्या वर्षी पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं त्याला ब्लूइटचं नाव दिलं. पुढं जेम्स डेव्हिडसननं खानदेशात काही मारले. १८८४ नंतर कोणाला सापडला नाही. जगातल्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढाच पुरावा. त्यातल्या एकावर कर्नल माइनर्टझागेनची चिठ्ठी होती: मांडवी, गुजरात, १९१४. साहजिकच लोक मांडवीच्या बाजूला शोधत राहिले. सिपन्याचं हेच पाणी तापीत जातं आणि तापी त्याच मांडवीवरून वाहते, पण पिंगळा तिथं मिळाला नाही.

नव्वदच्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी माइनर्टझागेनचा संग्रह तपासायला घेतला. कातडं कसं सोललंय, कसं भरलंय, कसं शिवलंय हे पाहता पाहता उघड झालं की हा पक्षी डेव्हिडसननं मारलेला. कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून तो उचलला, पुन्हा नव्यानं भरला आणि वर आपली चिठ्ठी लावली. मग रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं धरून शोध घेतला. १९९७ च्या नोव्हेंबरात, ११३ वर्षांनी, शहाद्याजवळच्या डोंगरात रानपिंगळा दिसला. नंतर मेळघाटातही सापडला.

"म्हणजे पिसं खरी, गाव खोटं," मी म्हटलं. कर्नलला नावं ठेवायला मला मजा येत होती. लष्करातला एवढा मोठा माणूस आणि चिठ्ठी खोटी लावतो!

भाचीनं आणखी एक सांगितलं. अशा जुन्या कातड्यांचं एखादं पीस तपासून शंभर वर्षांपूर्वीचा आहार काढता येतो. मुंबईच्या १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत अशा हजारो कातड्यांचा संग्रह आहे. फक्त मध्ये एक दुरुस्ती करावी लागते. दगडी कोळसा आणि पेट्रोल म्हणजे जुना झाडोराच, त्याच्यात हलका कार्बन जास्त. तो जाळून जाळून आपण सगळ्या हवेचाच आकडा खाली ओढला आहे. तेव्हाची ज्वारी आणि आजची ज्वारीही अगदी एक नाही.

रात्री सेमाडोहला कंदिलाच्या उजेडात ती पाकिटं वहीशी ताडून पाहत होती. मी बाहेर शेकोटीजवळ. "मामा," तिनं हाक मारली, "वैराटचे सातभाई किती होते?"

"दहा."

"एकोणीस आहेत."

मी उठून आत गेलो. आत जाईपर्यंतच मला सगळं उमगलं होतं. तलावाजवळची नऊ पिसं मी खिशातल्या पाकिटांत घातली होती, आणि त्या पाकिटांवर आधीच "वैराट" लिहिलेलं. तारीखही आदल्या दिवसाची. सगळ्यांवर सही माझीच, कारण वैराटची सातभाईंची दहाही मीच वेचली होती. अक्षांश-रेखांशांची जागा मी या सगळ्यांवर रिकामीच ठेवली होती, "रात्री भरू" म्हणून. एकोणीस पाकिटं, त्यातली दहा पठारावरच्या रानातली आणि नऊ हॉटेलांचं उष्टं खाणाऱ्या थव्याची. कोणती कोणती, ते पिसाकडं पाहून सांगता येईना.

मी दोन पिसं उजेडात धरून पट्ट्यासुद्धा पाहिल्या. मूर्खपणाच तो. भाची काही बोलली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "झोपा मामा, सकाळी लवकर निघायचंय," एवढंच म्हणाली. रात्रभर मला माझे सगळे जुने विद्यार्थी दिसत होते, अर्धा मार्क गेलेले.

पाचवा दिवस : पाड्यावर

सकाळी सेमाडोहपासून आत एका कोरकू गावात गेलो. एका रेषेत समोरासमोर घरं, शेणानं सारवलेली अंगणं, कुटकी कापून खळ्यावर आलेली. इथं आम्हाला गावाकडची पिसं हवी होती, होल्यांची आणि टकाचोरांची, आणि वावरातले दाणे.

बातमी पसरायला दहा मिनिटं लागली. पोरांनी ओंजळी भरभरून पिसं आणली. सगळी कोंबड्यांची. मी ती बाजूला सारत होतो, तर भाचीनं थांबवलं. "कोंबड्यांची हवीतच. त्या काय खातात ते विचारता येतं ना!"

ज्या घरासमोर बसलो होतो तिथली आजी उंबऱ्यात बसून सुपात कुटकी पाखडत होती. भाचीनं विचारलं, कोंबड्यांना काय घालता. आजीनं हातातला कोंडा दाखवला. मग पोरांनी आणलेल्या ढिगातून एकेक पीस उचलून सांगायला लागली. हे माझ्या लाल कोंबडीचं. हे सुनेच्या माहेरून आणलेल्या कोंबड्याचं, तो राशनचा तांदूळ खातो, कुटकीला तोंड लावत नाही. हे आमचं नाहीच, हे पलीकडच्या घरचं, त्यांच्याकडं मका घालतात. एक पीस तिनं उलटसुलट केलं, पोराकडं पाहिलं आणि कोरकूत काहीतरी विचारलं. पोरगं हसत पळालं.

"काय झालं?" मी दादांना विचारलं.

"उपटून आणलं त्यानं. जित्त्या कोंबडीचं."

भाची भराभर लिहीत होती. मी शेजारी बसून पाकिटं धरत होतो आणि प्रत्येक पाकीट लिहून झालं की मोठ्यानं वाचत होतो. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. तांदूळ खाणारा कोंबडा उणे २७ कडचा, कुटकीची आणि मक्याची कोंबडी उणे १३ कडची. एका अंगणात पट्टीची दोन्ही टोकं दाणे टिपत होती.

दुपारी आजीनं जेवायला बसवलं. कुटकीचा भात, तुरीचं वरण आणि लाल मिरचीची चटणी. आजी म्हणाली, आता पोट्टे राशनचा गहूच मागतात, कुटकी कांडायला हात दुखतात. कुटकीचा भात मोकळा होतो, बोटांतून निसटतो. मी दोनदा घेतला.

वावरात खत कोणतं टाकता, हे विचारल्यावर आजीचा मुलगा म्हणाला, घराजवळच्या वावरात शेण, लांबच्यात काहीच नाही. म्हणजे एकाच घरच्या कुटकीचे दोन आकडे. दोन्हीकडचे दाणे घेतले, दोन्हीकडची माती घेतली. पाच पाकिटांवर माझी सही आहे. अक्षांश-रेखांशही जागच्या जागी भरले.

सहावा दिवस : परत

सकाळी निघायच्या आधी भाचीनं ती एकोणीस पाकिटं बाहेर काढली. फेकून देईल असं मला वाटलं होतं. तिनं प्रत्येकावर लाल पेनानं लिहिलं, "ठिकाण अनिश्चित : वैराट किंवा काळापाणी. वापरू नये." आणि वेगळ्या रबरानं बांधली. वैराटचे सातभाई हिशेबातून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा परवानगी, पुन्हा जीप, पुन्हा दादा.

"मी येतो पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

"गुडघे पाहू आधी," ती म्हणाली.

घाट उतरून धामणगाव गढीजवळ आलो तर पहिल्या दिवशीचं ते ज्वारीचं वावर कापून झालं होतं. कडबा पेंढ्या बांधून उभा केलेला. तोच शेतकरी बैलगाडीवर कणसं लादत होता. आम्हाला ओळखून त्यानं हात केला.

"झाली काय तपासून?"

"अजून कुठं काका, चार-सहा महिने लागतील."

"मंग हे घ्या." त्यानं गाडीवरून एक भरलेलं कणीस उचलून माझ्या हातात दिलं. "पानं नेले तुम्ही, दाना कोनी न्यायचा? अन् माह्या गावाचं नाव लिहा त्याच्यावर."

मी पेटीतून कोरं पाकीट काढलं. गाव लिहिलं, वावर रस्त्याच्या कोणत्या अंगाला ते लिहिलं, भाचीच्या यंत्रावरचे आकडे उतरवले, तारीख टाकली, सही केली. मग पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, यंत्राशी ताडून पाहिलं, आणि कणीस पाकिटात मावेना म्हणून मधोमध मोडलं.